शोपँ स्पर्धेचे निकाल ‘लावलेले’ असतात का?

प्रश्न रत्नागिरीच्या एका ताईंचा आहे. मुलगी १३ वर्षांची, सहा वर्षं पियानो शिकते. गेल्या ऑक्टोबरात तिने पोलंडमधल्या वॉर्साच्या शोपँ स्पर्धेची (शोपँ हा एकोणिसाव्या शतकातला पोलंडचा संगीतरचनाकार, स्पर्धा पियानोची) अंतिम फेरी मोबाइलवर रात्र जागून पाहिली आणि तेव्हापासून ‘मला तिथे जायचंय’ असा धोशा लावलाय. ताई विचारतात, ही स्पर्धा आहे तरी काय? तिचे निकाल खरे असतात की आपल्याकडच्यासारखे आधीच लावलेले? आणि कोकणातल्या मुलीने तिकडे बघावं का?

ताई, मी पियानो शिकवतो आणि ट्यूनही करतो. वडिलांच्या हाताखाली पेट्या दुरुस्त करत वाढलो. गेली तीसेक वर्षं चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत, कधी पुढे गोव्यात, घरांतले आणि चर्चमधले पियानो उघडतोय. त्यामुळे माझं उत्तर थोडं कारागिराचं होईल, सांभाळून घ्या.

दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घालतो. विजेत्यांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल, पण या स्पर्धेचा खरा इतिहास निकालांवरून झालेल्या भांडणांत आहे. आज तिथे जे नियम दिसतात त्यांतले बरेचसे कुठल्या ना कुठल्या भांडणातून आलेत.

सुरुवात १९२७ची. येझी झुराव्लेव हे वॉर्सातले पियानोवादक आणि शिक्षक. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती, तरुण पोरं खेळांच्या मैदानाकडे धावत होती आणि शोपँ म्हणजे हळवं, मन दुबळं करणारं संगीत असं लोक बोलू लागले होते. झुराव्लेवांना हे खुपायचं. त्यांनी हिशोब साधा केला: पोरांना चुरस आवडते ना, मग शोपँचीच चुरस लावू. आपल्या सिंधुदुर्गात हे कुणाला समजावून सांगायला नको. नुसतं भजन म्हटलं की देवळात वीस माणसं, आणि दोन बुवांची डबलबारी लावली की पटांगणात पाय ठेवायला जागा नाही.

त्या पहिल्या खेपेला आठ देशांतले २६ जण आले. जिंकला सोव्हिएत रशियाचा लेव्ह ओबोरिन. त्याच्याच चमूत २० वर्षांचा दिमित्री शोस्ताकोविच होता, ज्याची पहिली सिंफनी आदल्याच वर्षी गाजली होती. बिचारा अपेंडिक्सच्या दुखण्याने हैराण होता. त्याच्या हाती नुसतं मानपत्र आलं. पुढे विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या संगीतरचनाकारांत त्याचं नाव घेतलं गेलं, तेव्हा मुलीला हे आधी सांगा.

१९३२ला मजा झाली. अलेक्झांडर उनिन्स्की आणि हंगेरीचा इम्रे उंगार यांचे गुण सारखे भरले. उंगार अंध होता. आता पहिला कोण? तर चक्क नाणं उडवलं! नाणं उनिन्स्कीच्या बाजूने पडलं आणि उंगार दुसरा ठरला. अशा तोलामोलाच्या स्पर्धेत नाणेफेक ऐकून आपल्याला हसू येतं, पण मला ते ‘लावलेल्या’ निकालापेक्षा फार प्रामाणिक वाटतं. परीक्षकांनी सरळ कबूल केलं की आमच्या कानांना यापुढे फरक कळत नाही. मी एका गावात भजन स्पर्धेचा परीक्षक होतो, तिथे दोन मंडळांचे गुण सारखे झाले तेव्हा कागदावरचा ७ खोडून ८ करण्यात आला. कुणी केला ते सांगत नाही. तिथे नाणं उडवलं असतं तर मी आनंदाने घरी गेलो असतो.

१९३७ला सोव्हिएत वादक याकोव झाक जिंकला. त्यानंतर १९४२ची स्पर्धा झालीच नाही. ज्या फिलहार्मनिक सभागृहात ती व्हायची ते १९३९च्या बॉम्बहल्ल्यांत जळालं, आणि जर्मनांच्या ताब्यातल्या वॉर्सात शोपँ वाजवायलाच बंदी होती. त्याच सुमारास आपला घाट चढून गेलं की कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी वसली होती, पाच हजारांच्या आसपास माणसं. तिथल्या बराकींत कुणी गुणगुणत असेलच असं मला उगाच वाटत राहतं.

युद्धानंतरची पहिली स्पर्धा १९४९ला, शोपँच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा. शहराचा ढिगारा अजून उपसला जात होता, म्हणून दुसऱ्याच एका सभागृहात ती घेतली. त्या खेपेला सुरुवातीला परीक्षकांना वाजवणारा दिसू नये अशी व्यवस्था होती. नाव नाही, देश नाही, चेहरा नाही, फक्त सूर. कल्पना उत्तम, पण पुढे टिकली नाही. आणि पहिलं बक्षीस विभागून गेलं एक पोलंडच्या हालिना चेर्नी-स्टेफान्स्काला आणि एक सोव्हिएत संघाच्या बेला दाविदोविचला. त्या काळातलं पोलंड-रशियाचं नातं बघता तुमच्यासारखे लोक भुवया उंचावतात. उंचावू देत. दोघींची ध्वनिमुद्रणं आहेत, ऐकली की दोघीही पहिल्या येण्याजोग्या होत्या हे कळतं.

१९५५ला फिलहार्मनिक नव्याने बांधून उघडलं आणि तिथेच स्पर्धा भरली. पहिला आला पोलंडचा आदाम हारासिएविच, दुसरा व्लादिमिर आश्केनाझी. परीक्षकांत इटलीचे नामवंत पियानोवादक मिकेलांजेली होते. आश्केनाझी पहिला असायला हवा म्हणून त्यांनी निकालपत्रावर सहीच केली नाही. बाकीच्यांच्या सह्या झाल्या, बक्षिसं वाटली गेली. पण इतक्या मोठ्या माणसाची सही नाही हे जगाला कळलं.

त्याच वर्षीची तिसऱ्या क्रमांकाची गोष्ट मला जास्त प्यारी आहे. तिसरा आला चीनचा फू त्सोंग, आणि माझुर्का सर्वांत चांगल्या वाजवण्याचं वेगळं बक्षीसही त्यालाच मिळालं. माझुर्का म्हणजे पोलंडच्या खेड्यांतलं नाचाचं संगीत. तीन मात्रा, पण आघात बहुतेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर, आणि तिन्ही मात्रा सारख्या लांबीच्या नसतात. एक किंचित रेंगाळते, दुसरी तिची भरपाई करते. मेट्रोनोम, म्हणजे टकटक करत लय मोजणारं यंत्र, लावून वाजवाल तर सगळे स्वर बरोबर येतील आणि माझुर्का पळून जाईल. आपल्या भजनाच्या गजराचंही असंच आहे. पुण्या-मुंबईचा तयारीचा पेटीवाला येतो, स्वर नि स्वर बिनचूक काढतो, पण पखवाजावर हात पडला की गावातली माणसं ज्या जागी आपसूक डुलतात, तिथे हा ताठ बसलेला असतो. पोलंडवाले म्हणत होते की माझुर्का रक्तात असावी लागते. आणि बक्षीस घेऊन गेला शांघायचा पोरगा. तेव्हा ‘आपण कोकणातले, आपल्याला ते कसं जमणार’ हा प्रश्न ७० वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे.

पुढची वीस वर्षं या स्पर्धेची सोन्याची. १९६०ला १८ वर्षांचा मौरित्सियो पोल्लिनी, १९६५ला मार्ता आर्हेरिच, १९७०ला अमेरिकेचा गॅरिक ओल्सन (त्या वर्षी जपानची मित्सुको उचिदा दुसरी होती), १९७५ला पुन्हा १८ वर्षांचा क्रिस्तियान झिमरमन. या माणसांची नावं आज पियानोच्या जगात कुठेही घ्या, पुढची ओळख द्यावी लागत नाही. तक्रारी फारशा नव्हत्या, म्हणून मलाही इथे थांबायचं कारण नाही.

खरा राडा १९८०चा. युगोस्लावियाहून इव्हो पोगोरेलिच नावाचा २१-२२ वर्षांचा पोरगा आला होता. कपडे वेगळे, बसणं वेगळं, आणि शोपँ असा वाजवायचा की कुणी ऐकलेला नव्हता. काही परीक्षकांनी त्याला भरभरून गुण दिले, काहींनी जवळजवळ शून्यात काढलं. सरासरीत तो तिसऱ्या फेरीतच बाद झाला. आर्हेरिच तेव्हा परीक्षक होत्या. हा पोरगा अलौकिक आहे असं सांगून त्या परीक्षक मंडळातून उठून गेल्या. गंमत अशी की त्याआधी लुई केंटनर नावाचे परीक्षकही निघून गेले होते, पण उलट कारणाने: त्यांचे विद्यार्थी पहिल्या फेरीतच गळाले म्हणून. एकच स्पर्धा, दोन राजीनामे. एक दुसऱ्याच्या पोरासाठी, एक स्वतःच्या पोरांसाठी. यातला कुठला मला पटतो ते सांगायला नको. पोगोरेलिचचं मात्र भलं झालं. बाद झाल्यामुळेच तो जगभर गाजला आणि वर्षभरात एका बड्या कंपनीने त्याची शोपँची रेकॉर्ड काढली.

या सगळ्या धुरळ्यात जिंकलेल्या माणसाकडे लोकांचं लक्षच गेलं नाही, आणि मला तुमच्या मुलीला सांगायचंय ते नेमकं त्याच्याबद्दल. डांग थाई सॉन, गाव हनोई, ही स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई. आई थाई थी लिएन स्वतः पियानोवादक, हनोईच्या संगीत विद्यालयाच्या संस्थापकांपैकी. अमेरिकेचे बॉम्ब पडू लागले तेव्हा अख्खं विद्यालय खेड्यात हलवलं गेलं, आणि या पोराचं शिक्षण तिथे, भातशेतीच्या मुलखात झालं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बॉम्बच्या आधी तिथली हवा आठवली. कारण तसल्या हवेत पियानोचं काय होतं ते मी दर पावसाळ्यात बघतो.

तीन-चार वर्षांपूर्वी श्रावणात वेंगुर्ल्याला एका जुन्या घरी गेलो होतो. उभा पियानो, समुद्राकडच्या भिंतीला टेकवलेला. मधल्या सप्तकातल्या चार पट्ट्या दाबल्या की दाबलेल्याच राहायच्या. खालची फळी काढली. आत उंदराने फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) कुरतडून लालभडक घरटं केलेलं, त्यात काजूची टरफलं. खर्जाच्या तारांवरचं तांबं हिरवं पडलेलं. पट्ट्या अडकत होत्या कारण त्यांच्या भोकांतलं लोकरी कापड पाणी पिऊन फुगलं होतं. आणि लाकडाचा मोठा पडदा, ज्याच्यावर सगळा नाद उभा असतो, तोही फुगून वर आलेला, त्यामुळे मधले स्वर चढलेले आणि टोकांचे तसे जागेवर. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण १५-२० टनांचा. त्या ताणाखालचं लाकूड जून महिन्यात फुगतं आणि जानेवारीत आकसतं. दुपारभर बसून पट्ट्या मोकळ्या केल्या, पण ट्यून केला नाही. घरच्या आजी रागावल्या, ‘पैसे घेतलास आणि सूर नाय लावलास?’ त्यांना म्हटलं, आजी, आता लावला तर दिवाळीला पुन्हा उतरेल, तेव्हा येतो.

असल्या वाद्यावर शिकून कुणी वॉर्सा जिंकू शकतो यावर मी कारागीर म्हणून सहज विश्वास ठेवला नसता. पण खुद्द शोपँचंच बघा. १८३८-३९चा हिवाळा त्याने मायोर्का बेटावर काढला. हवा दमट, पाऊस, तब्येत बिघडलेली, आणि पॅरिसहून मागवलेला प्लेएल कंपनीचा पियानो कस्टमवाल्यांनी अडवून ठेवलेला. तोवर तिथलाच एक कामचलाऊ पियानो वाजवत बसला. त्याची २४ प्रिल्यूड्स, म्हणजे पियानोसाठीच्या छोट्या रचना, त्या मुक्कामात पुरी झाली.

आता पुढचं पटपट. १९८५ला स्तानिस्लाव बुनिन. १९९०ला परीक्षकांनी पहिलं बक्षीस कुणालाच दिलं नाही. १९९५लाही नाही. तेव्हा दुसरं विभागून दिलं, आणि त्यातला अलेक्सेई सुल्तानोव्ह इतका भडकला की बक्षीस समारंभालाच गेला नाही. माझ्या मते सलग दोनदा पहिला क्रमांक राखून ठेवणं ही परीक्षकांची चूक होती. तुम्ही स्पर्धा भरवलीत, माणसं आली, तर आलेल्यांतला पहिला निवडा. २०००ला चीनचा १८ वर्षांचा युंदी ली आला तेव्हा कुठे पंधरा वर्षांनी पहिलं बक्षीस दिलं गेलं. २००५ला उलटी तऱ्हा: राफाऊ ब्लेहाच इतका पुढे होता की दुसरं बक्षीसच दिलं नाही, एकदम तिसरं. २०१०ला युलियाना आव्देयेवा, आर्हेरिचनंतर ४५ वर्षांनी पहिली बाई. प्रेक्षकांचा लाडका दुसराच होता, म्हणून तेव्हाही कुरबुर झाली.

२०१५ला कोरियाचा सॉन्ग-जिन चो जिंकला आणि सगळ्या परीक्षकांचे गुण लोकांसमोर ठेवले गेले. त्यात दिसलं की फ्रान्सच्या फिलिप आंत्रमाँ यांनी अंतिम फेरीत चोला दहापैकी एक गुण दिला होता. एक! बहुतेकांनी नऊ-दहा दिलेले. लोकांनी खूप चर्चा केली. पण ताई, आपल्याकडच्या किती स्पर्धांत असा परीक्षकागणिक गुणांचा कागद बाहेर येतो? लबाडी झाकायची असेल त्याने असा कागद कधीच बाहेर काढला नसता.

नियमही तसेच घट्ट होत गेले. स्वतःचा विद्यार्थी स्टेजवर असेल तर परीक्षकाने गुण द्यायचेच नाहीत. कुणाचे गुण सरासरीपासून फार लांब गेले तर ते ठराविक मर्यादेपर्यंत आत ओढले जातात, म्हणजे एकट्याच्या रागलोभाने कुणी बुडत नाही की तरत नाही. १९८०ला हा नियम असता तर पोगोरेलिचचं काय झालं असतं, हा मी रात्री झोप येत नसली की करायचा हिशोब. पण याची दुसरी बाजूही आहे. टोकाची मतं कापली की मधलं, कुणालाच न खुपणारं वाजवणारा पुढे सरकतो. एका परीक्षकाला वेड लावणारा आणि दुसऱ्याला संताप आणणारा वादक अशा गणितात मार खातो. तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: निकाल लावलेले नसतात, पण १७ परीक्षकांच्या कानांची सरासरी म्हणजे काही देवाचा कौल नव्हे.

२०२०ची स्पर्धा करोनामुळे २०२१ला झाली. कॅनडाचा ब्रूस लिऊ जिंकला, इटलीच्या फात्सिओली कंपनीच्या पियानोवर. हा भाग आम्हा ट्यूनरांच्या जिव्हाळ्याचा. स्टेजमागे चार-पाच कंपन्यांचे पियानो उभे असतात, वादकाला थोड्या मिनिटांत त्यांतला एक निवडायचा असतो, आणि कंपन्यांचे कारागीर रात्र-रात्र जागून ते लावत असतात. वादकांइतकीच चुरस त्यांच्यातही. मी तर अंतिम फेरीत मध्येच डोळे मिटून वरच्या सप्तकातले युनिसन ऐकत बसतो, म्हणजे एका स्वराच्या तीन तारा तासाभराच्या मारानंतरही एक राहिल्यात का ते. बायको म्हणते, संगीत ऐका जरा.

आणि या लिऊचे गुरू कोण? डांग थाई सॉन. तेच हनोईचे. तेव्हा ते परीक्षकांत बसले होते, आणि नियमाप्रमाणे आपल्या शिष्याला गुण देऊ शकत नव्हते. २०२५ला, तुमच्या मुलीने पाहिली त्या वेळी, अमेरिकेचा एरिक लू जिंकला. तोही त्यांच्याकडे शिकलेला. लू २०१५ला १७ वर्षांचा असताना चौथा आला होता आणि दहा वर्षांनी पुन्हा आला. त्या रात्री निकाल लांबत लांबत आपल्याकडे पहाट झाली. डबलबारीही अशीच कोंबडं आरवेपर्यंत चालते, फक्त तिथे चहा मिळतो.

आता मुलीचं. स्पर्धा पाच वर्षांनी एकदा, पुढची २०३०ला. २०२५ला वयाची अट १६ ते ३० होती. तेव्हा २०३० ही शेवटची गाडी नाही, २०३५ आहे, त्यापुढचीही आहे. अर्जाबरोबर वादनाचं चित्रण पाठवावं लागतं, त्यातून निवडलेल्यांची प्राथमिक फेरी वसंतात आणि मुख्य स्पर्धा ऑक्टोबरात. १७ ऑक्टोबर हा शोपँचा मृत्युदिन, त्या दिवशी वादन बंद असतं आणि जिथे त्याचं हृदय ठेवलंय त्या चर्चमध्ये मोझार्टचं रेक्वियम, म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत, होतं. सगळ्या फेऱ्यांत फक्त शोपँच वाजवायचा असतो. पण म्हणून आतापासून फक्त शोपँ देऊ नका. तिला रोज बाख, म्हणजे शोपँच्या आधीचा जर्मन रचनाकार, वाजवू दे. शोपँ स्वतः मायोर्काला जाताना बाखचं पुस्तक बरोबर घेऊन गेला होता. माझुर्का मात्र लगेच सुरू करा, महिन्याला एक, आणि मेट्रोनोम कपाटात ठेवा. वर्षा-दोन वर्षांत तिला आठवड्याला एकदा तरी पणजी किंवा मुंबईच्या पक्क्या गुरूकडे न्यावं लागेल. हे रत्नागिरीत बसून होणार नाही, मी खोटं सांगणार नाही. रेल्वेच्या तिकिटांचा हिशोब आताच मांडा.

पियानोबद्दल तुम्ही लिहिलंय की पावसात वरच्या पट्ट्या जड होतात. समुद्राकडच्या भिंतीपासून तो हलवून आतल्या भिंतीला लावा, मागे चार बोटं जागा सोडून. खालच्या फळीच्या आत १५ वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावा, एलईडी नको, तो गरम होत नाही. बल्बभोवती जाळी हवी, लाकडाला आणि फेल्टला लागता कामा नये. जून ते सप्टेंबर दिवसरात्र चालू. डांबरगोळ्या कापडात बांधून कोपऱ्यात, तारांवर टाकू नका. आता कुणी ट्यूनर आला आणि लगेच सूर लावून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मी दिवाळीनंतर संगमेश्वरला एका चर्चच्या कामाला येणार आहे, तेव्हा तुमच्याकडे येतो. तोवर मुलीला सांगा, ज्या पट्ट्या अडकतात त्यांवर खडूची खूण करून ठेव, म्हणजे मला शोधत बसावं लागणार नाही.